भोवऱ्याला माती लागते

रौप्यमहोत्सवाची तयारी म्हणून यंदा ए विंगच्या जिन्याखालची अडगळ काढली, हे बहुतेकांना ठाऊक आहेच. एकूण सात पोती निघाली. त्यातली साडेतीन निव्वळ खेळण्यांची. भंगारवाल्याने प्लॅस्टिक एकीकडे, पत्रा-लोखंड दुसरीकडे, बॅटरीच्या वस्तू तिसरीकडे असं भराभर निवडलं आणि शेवटी विचारलं, "लाकडाचं काही नाही का?" लाकडाचं काहीच नव्हतं.

संपादक मंडळाने 'सोसायटीच्या २५ वर्षांवर काहीतरी लिहा' असा आग्रह धरला होता. लिफ्ट, पाण्याची टाकी, कन्व्हेयन्स, गच्चीची गळती यांचा इतिहास कार्यकारिणीतली जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्या साडेतीन पोत्यांचा इतिहास लिहायचं ठरवलं. इमारत मोठ्या माणसांनी बांधली असली तरी तिचा कोपरा न् कोपरा मुलांनीच वापरलेला असतो.

जिन्याखालचं उत्खनन

पुरातत्त्ववाले जमीन खणतात तेव्हा सर्वांत जुनं सर्वांत खाली सापडतं. आपल्या जिन्याखालीही तसंच झालं होतं. तळाशी टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या कॅसेट. एकीवर '९९९९९९ इन १' असं छापलेलं. आता तिशीत असलेल्या आपल्या मुलांना आठवत असेल, प्रत्यक्षात त्यात मोजून चार-पाच खेळ असायचे आणि तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. त्यावर दोन तीनचाकी सायकली. मग बेब्लेडचा थर. त्यावर रिमोट नसलेल्या रिमोटच्या गाड्या आणि गाडी नसलेले रिमोट. त्याच्यावर फिजेट स्पिनर. २०१७ च्या एका उन्हाळ्यात सगळ्यांच्या बोटांवर फिरले आणि दिवाळीपर्यंत विसरले गेले, त्यामुळे हा थर सालासकट सांगता येतो. सर्वांत वर चाकांत दिवे लागणारी स्कूटर आणि छोट्या डब्यांमधली रंगीत माती, वाळून दगड झालेली.

एक गोष्ट लक्षात आली. बहुतेक खेळणी झिजलेली नव्हती, बिघडलेली होती. एक दाता तुटला, एक तार सुटली, बॅटरीच्या खाचेत गंज चढला, की संपलं. ती उघडायची कशी हेच कुणाला कळलं नसणार, कारण बहुतेकांना उघडायची सोयच नव्हती.

प्रवरेकाठची गाडी

आता जरा आणखी खाली जाऊ, आपल्या पायापेक्षाही खोल.

मोहेंजोदारोला १९२० च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा भाजलेल्या मातीच्या छोट्या बैलगाड्या सापडल्या, पक्ष्यांच्या आकाराच्या शिट्ट्या सापडल्या, आणि दोरी ओढली की मान हलवणारे बैलही. साडेचार हजार वर्षांपूर्वी कुणीतरी मान वेगळी घडवून, भोक पाडून, दोरी ओवून हे करत होतं, ते केवळ पोराने हसावं म्हणून.

आपल्या महाराष्ट्रात अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. तिथे १९७४ साली काशाच्या चार वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ आणि तो हाकणारा माणूस, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचं मिळून वजन ६० किलोच्या वर. बरेच अभ्यासक त्या उत्तर-हडप्पा काळातल्या मानतात. एवढी जड वस्तू पोराच्या हातात कोण देणार? ती पूजेची किंवा मिरवणुकीची असावी. पण जनावराच्या पायांखाली चाकं लावून त्याला ओढत न्यायचं, ही कल्पना खेळण्यातलीच. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं चाकं लावलेले लाकडी बैल सजवून ओढत नेतात. दायमाबादचा रथ आणि तान्ह्या पोळ्याचा बैल शेजारी ठेवले तर एकाच घरातले वाटतील.

दुसरा पुरावा साहित्यातला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचं नावच मुळी मातीच्या गाडीवरून पडलं. चारुदत्ताचा लहान मुलगा रोहसेन शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी खेळून आलेला असतो. दासी त्याला मातीची गाडी करून देते, तर तो रडायला लागतो, मला ही नको, सोन्याचीच हवी. शेवटी वसंतसेना अंगावरचे दागिने उतरवून त्या मातीच्या गाडीत भरते, आणि पुढे त्याच दागिन्यांपायी चारुदत्तावरचं बालंट गडद होतं. त्यामुळे 'आमच्या वेळी असा हट्ट नव्हता हो' असं कुणी म्हणालं, की मला रोहसेन आठवतो. शेजारच्या फ्लॅटमधल्या मुलाची गाडी आपल्यापेक्षा भारी असणं, हे दुःख निदान दीड हजार वर्षं जुनं आहे.

झाडाचं, चिताऱ्याचं आणि जत्रेचं

माझं बालपण कुडाळचं. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा झालेला नव्हता, आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होतो. साठच्या दशकात आमच्याकडे खेळणी तीन ठिकाणांहून यायची.

पहिलं ठिकाण म्हणजे झाड. पोफळीची विरी गळून पडली की एकाने तिच्यावर बसायचं आणि दुसऱ्याने ओढायचं, अंगणातून थेट विहिरीपर्यंत. ताडगोळे खाऊन झाले की सालांची चाकं आणि त्यात काठी. आंब्याची कोय घासून पिपाणी. माडाच्या पातीचं घड्याळ, पातीचं भिरभिरं, पातीचा साप. या खेळण्यांना पैसे पडत नव्हते, पण ऋतू पाळावा लागे. कोयीची पिपाणी मिरगानंतर पंधरा दिवस, की संपली. मोडल्याचं दुःख नसे, कारण दुसऱ्या दिवशी नवीन करता येई. आणि करायला शिकवणारं कुणीतरी दोन वर्षांनी मोठं असे. मला पातीचं घड्याळ शेजारच्या मुलीने शिकवलं, मी ते धाकट्या भावाला शिकवलं.

दुसरं ठिकाण सावंतवाडी, आमच्याकडून एसटीने तासाभराच्या आत. मोती तलावापासून जवळच चितारआळी. तिथली लाकडी फळं आजही प्रसिद्ध आहेत. आंबा, केळी, मिरची, लसूण, इतकी हुबेहूब की पाहुणे हात घालायचे. पूर्वी ही खेळणी पांगाऱ्याच्या लाकडाची करत. पांगारा हलका आणि मऊ, कोरायला सोपा. सावंतवाडी संस्थानाने या कारागिरांना आश्रय दिला. त्याच आळीत गंजिफाही रंगवल्या जात. दशावतारी गंजिफाचे पत्ते गोल असतात, दहा अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२०. ही कला मरायला टेकली होती. शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यातच कारागीर बसवून ती पुन्हा उभी केली.

आमच्या घरी चितारआळीची भातुकली होती. जातं, पाटा-वरवंटा, चूल, पोळपाट-लाटणं, कुंकवाच्या करंड्याएवढा पाळणा. ती आत्याची, तिच्याकडून बहिणीकडे आलेली. जात्याचा खुंटा दोनदा बदललेला होता. आमचा सुतार नांगराचं काम करता करता मधेच खुंटा तासून देई, त्याचे वेगळे पैसे मागत नसे.

तिसरं ठिकाण जत्रा. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव दहिकाले सुरू व्हायचे. रात्री दशावतारी नाटक, आणि देवळाबाहेर गॅसबत्तीच्या उजेडात खाजं आणि खेळण्यांची दुकानं. फुगे, पिपाण्या, पत्र्याचा टिकटिक करणारा बेडूक, सेल्युलॉइडची बाहुली. ही बाहुली आई चुलीच्या आसपास नेऊ देत नसे, आणि ते बरोबरच होतं, सेल्युलॉइड ठिणगीने भडकतं. पण जत्रेचा राजा म्हणजे पत्र्याची बोट. आत तेलाची इवली पणती पेटवायची, घमेल्यात पाणी घ्यायचं, की बोट 'फट फट फट' करत गोल गोल फिरायची. इंजिन नाही, चावी नाही, चाक नाही! आत पत्र्याची चपटी डबी आणि मागे दोन नळ्या. डबीतल्या पाण्याची वाफ होते, ती नळीतलं पाणी मागे ढकलते, बोट पुढे जाते. वाफ निवली की पाणी पुन्हा आत ओढलं जातं. मग बोट मागे का येत नाही? कारण बाहेर जाणारं पाणी एका सरळ धारेत जातं, आत येणारं चहूबाजूंनी येतं. हे मला कळलं कॉलेजात गेल्यावर. पण 'का' हा प्रश्न त्या घमेल्यापाशी पडला होता. या बोटीचं पेटंट इंग्लंडमध्ये १८९१ साली निघालं होतं. तिथून ती आमच्या गावच्या जत्रेत कशी पोचली, तो एक वेगळाच इतिहास असणार.

कारखाना, टीव्ही आणि बंदर

आमची मुलं ऐंशीच्या दशकातली. त्यांची खेळणी दुकानातून आली. मेकॅनोची कल्पना जुनीच, फ्रँक हॉर्नबीने १९०१ साली पेटंट घेतलेली. भोकं पाडलेल्या पट्ट्या आणि नट-बोल्ट, बाकी डोकं तुमचं. लेगोची एकमेकांत बसणारी वीट १९५८ ची. आपल्याकडे तिच्या देशी आवृत्त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत यायच्या आणि प्रत्येक पिशवीत एक खिडकी कमी असायची. शिवाय 'व्यापार', ज्यात मुंबई विकत घेता यायची!

मग टीव्ही आला. 'रामायण' मालिका २५ जानेवारी १९८७ ला सुरू झाली आणि ३१ जुलै १९८८ ला संपली. त्या दीड वर्षात गल्लीगल्लीत धनुष्यबाण आणि गदा. याआधीही मुलं राम-रावण खेळत होतीच, पण बाण खराट्याचा असायचा. आता बाण विकत मिळू लागला आणि त्यावर टीव्हीतल्या रामाचं चित्र आलं. इथे एक मोठा बदल झाला. भातुकलीतल्या पाळण्यात कोण झोपलंय हे खेळणाऱ्याने ठरवायचं असे. आता खेळणं स्वतःची गोष्ट घेऊनच खोक्यातून बाहेर येऊ लागलं. गोष्ट जुनी झाली की खेळणंही जुनं.

तिसरा बदल आपल्या सोसायटीच्या जन्माबरोबरचा. आपली नोंदणी २००१ ची. त्याच वर्षी १ एप्रिलला देशाने आयातीवरची परिमाणाची बंधनं काढायचं काम पूर्ण केलं, शेवटच्या ७१५ वस्तू मोकळ्या झाल्या. पुढच्या काही वर्षांत चिनी खेळण्यांनी बाजार भरून गेला. वाढदिवसाला ५० रुपयांत उडणारं, गाणारं, दिवे लागणारं काहीतरी मिळू लागलं. ज्या घरांत आधी वर्षाला एक खेळणं येत होतं, तिथे महिन्याला येऊ लागलं. याला नुसतं वाईट म्हणणं मला जमत नाही. आपल्याकडे धुणं-भांडी करणाऱ्या ताईंच्या मुलालाही पहिल्यांदा बॅटरीची गाडी मिळाली ती त्याच वर्षांत.

सरकारचं धोरण मात्र हेलकावे खात राहिलं. २००९ च्या जानेवारीत चिनी खेळण्यांवर सहा महिन्यांची बंदी आली. २०२० मध्ये आयात शुल्क २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७० टक्के. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचा आयएसआय शिक्का सक्तीचा झाला. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट देण्यात आली, नाहीतर सावंतवाडीच्या चिताऱ्याला आंबा-केळी घेऊन प्रयोगशाळेचे खेटे घालावे लागले असते.

जुनं तेवढं सोनं नव्हे

इथवर वाचून कुणाला वाटेल, हे आजोबा आता 'आमच्या वेळी' सुरू करणार. तसं नाही. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडला पाहिजे.

जुन्या खेळण्यांच्या चकचकीत रंगांत शिसं असण्याची भीती होती, आणि ते खेळणं मुलं खुशाल तोंडात घालत. आपल्या देशात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची कायदेशीर मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. विटी डोळ्याला लागून जन्माचं नुकसान झालेला एक मुलगा आमच्या वर्गात होता. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आज एक साधी चाचणी आहे. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या आखूड नळीत जी वस्तू पूर्ण मावते, ती घशात अडकू शकते. या चाचणीत आमची गोटी नापास, सागरगोटा नापास, भातुकलीतली निम्मी भांडी नापास.

आणखी एक. भोवरा, विटीदांडू, गोट्या ही मुलग्यांची, भातुकली आणि सागरगोटे मुलींचे, ही वाटणी कुणी विचारून केलेली नव्हती. माझी बहीण भोवरा माझ्याहून छान फिरवायची, पण परसदारी, कुणी बघत नसताना. आज आपल्या आवारात संध्याकाळी फुटबॉलला जी गलका करणारी टोळी असते, तिची कप्तान सी विंगमधली एक सहावीतली मुलगी आहे. हा बदल मला कुठल्याही लाकडी खेळण्यापेक्षा मोलाचा वाटतो.

पण काही ठिकाणी जुन्यांचं शहाणपण खरंच सरस होतं. पांगुळगाडा घ्या. तीन चाकं आणि एक दांडा. मूल आधी स्वतःच्या पायावर उभं राहतं, दांडा धरतं आणि गाडा ढकलतं. आताच्या वॉकरमध्ये मुलाला मधल्या झोळीत बसवतात. त्याचे पाय नीट टेकत नाहीत, चालण्याचं श्रेय चाकांना जातं, आणि पायऱ्यांवरून वॉकरसकट गडगडण्याचे अपघात होतात. म्हणूनच कॅनडाने २००४ साली वॉकरच्या विक्रीवर सरसकट बंदी घातली. ढकलायच्या गाडीला बालरोगतज्ज्ञांची हरकत नाही. म्हणजे आपल्या सुताराला जे कळलं होतं तिथेच विज्ञान फिरून आलं.

साध्या वस्तूंचं मोल ओळखणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली आणि आहेतही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम केलं. माँटेसोरी पद्धतीची साधनं सुंदर, पण महाग. ताराबाईंनी शिंपले, बिया, पानं, खडे यांतून तीच कामं साधली. 'अंगणवाडी' ही कल्पना त्यांच्याच कामातून पुढे आली. त्यानंतर अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात टेल्कोत नोकरी, आणि मग काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, स्ट्रॉ, जुन्या बाटल्या यांतून विज्ञानाची खेळणी. पुण्याच्या आयुकात मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुलाला खेळणं मोडून आत काय आहे हे बघू द्या, असं ते सांगत आले. जिन्याखालची खेळणी नेमकी याच परीक्षेत नापास होतात.

जाता जाता, आजी-आजोबांसाठी उपयोगाचं. खेळणं घेताना आयएसआय शिक्का बघा. बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं, नुसतं सरकणारं नको, कारण बटणासारखी चपटी बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिका काही तासांत भाजते. सुट्या छोट्या लोहचुंबकांची खेळणी लहान मुलांच्या घरात नकोतच.

पट्टीचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. मराठीत 'खेळणे' ही वस्तूही आहे आणि क्रियापदही. बाजारातून वस्तू आणता येते. क्रियापदाला मात्र जागा लागते, वेळ लागतो आणि सवंगडी लागतात.

भोवऱ्याचंच उदाहरण. भोवरा म्हणजे लाकडाचा गट्टू, खाली लोखंडी आर, आणि गुंडाळायला जाळी. तो मातीत रोवून फिरतो. सिमेंटवर आर घसरते, पेव्हर ब्लॉकवर दोन ब्लॉकच्या फटीत अडकते. गोट्यांना गल खणायला माती लागते. विटीदांडूलाही गल लागते. लगोरीला पळायला मोकळं आवार लागतं. जपानमध्ये हाच प्रश्न त्यांनी वेगळ्या रीतीने सोडवला. तिथे बेगोमा नावाचा छोटा भोवरा असे, मुळात शंखाचा, पुढे धातूचा. बादलीवर कापड ताणून त्यावर तो फिरवत. त्याचाच १९९९ साली बेब्लेड झाला, सोबत प्लॅस्टिकचं रिंगण आणि दोरीऐवजी खेचायची पट्टी. म्हणजे जमीनसुद्धा खोक्यातूनच आली. जिन्याखाली सापडलेली डबीतली रंगीत माती, तीही विकतचीच.

आपण राहायला आलो तेव्हा तिन्ही विंगांच्या मधे आणि मागे माती होती. पावसाळ्यात चिखल व्हायचा, घरं घाण व्हायची, तक्रारी यायच्या. २००८ साली मधल्या चौकात पेव्हर ब्लॉक बसले. त्याने सगळ्यांची सोय झाली, विशेषतः काठी घेऊन चालणाऱ्यांची. मग पुढचा भाग गाड्यांना गेला. 'येथे चेंडू खेळू नये' ही पाटी लागली, तीही एका काचेच्या आणि एका वृद्ध सभासदाच्या खांद्याच्या दुखापतीनंतर. म्हणजे प्रत्येक निर्णयामागे कारण होतं आणि बहुतेक वेळी ते योग्यही होतं. या सगळ्या योग्य निर्णयांची बेरीज म्हणजे बी विंगच्या मागे उरलेली ४० फूट लांब आणि १५ फूट रुंद मातीची पट्टी. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत तिच्यावर पेव्हर बसवून पाच गाड्यांची सोय करायचा ठराव आहे.

पार्किंग मागणाऱ्यांशी माझं भांडण नाही. रात्री अकराला दमून आलेल्या माणसाला गाडी रस्त्यावर लावावी लागते, सकाळी आरसा फुटलेला सापडतो, हे मी पाहिलेलं आहे. तरी एक आठवण द्यावीशी वाटते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये आवारातला झोपाळा दोरीने बांधून ठेवला होता. शाळा मोबाइलवर आली, खेळही मोबाइलवर गेले. जूनमध्ये बंधनं सैल झाल्यावर बी विंगमधल्या एका आजींनी काष्ठौषधीच्या दुकानातून सागरगोटे मागवले. तेच, जे पूर्वी पोटदुखीवर उगाळून देत. आणि त्या या पट्टीवर खुर्ची टाकून बसल्या. पहिल्या दिवशी तीन मुलं, मास्क लावून, लांब लांब. आठवड्याने अकरा. पाचवीतल्या एका मुलाने सागरगोटे झेलायचे नवे नियम काढले, त्यावर भांडणं झाली, ती मुलांनीच मिटवली. कोपऱ्यात कुणीतरी गोट्यांची गल खणली. दिवाळीत त्याच मातीचा किल्ला झाला. त्यावर प्लॅस्टिकचे मावळे होते, एक डायनासोरही होता पहाऱ्याला. मुलांना त्यात काहीच विसंगत वाटलं नाही, आणि मलाही नाही. जुनं खेळणं की नवीन, हा वाद त्या मातीत आपोआप निकालात निघाला. त्या आजी २०२१ च्या एप्रिलमध्ये गेल्या. गल अजून आहे, दर पावसाळ्यात बुजते आणि दर दिवाळीत कुणीतरी पुन्हा खणतं. आत्ता जी मुलं खणतात त्यांतल्या निम्म्यांनी आजींना पाहिलेलंही नाही.

म्हणून सभेपुढे तीन गोष्टी मांडतो. एक, या पट्टीपैकी निदान निम्मी, २० फूट, माती म्हणूनच ठेवावी. उरलेल्यात दोन गाड्या बसतात, बाकी तीन गाड्यांसाठी पुढच्या भागाची आखणी तिरकी करून बघावी. दोन, सोसायटीच्या ऑफिसात एक कपाट खेळण्यांसाठी द्यावं. ज्यांच्या घरी खेळणी वापराविना पडली आहेत त्यांनी ती चांगल्या स्थितीत तिथे ठेवावीत, मुलांनी नाव लिहून न्यावीत आणि परत आणावीत. तीन, महिन्यातून एका रविवारी ज्येष्ठांनी दुरुस्तीला बसावं. आपल्यात निवृत्त फिटर आहेत, टेलिफोन खात्यातले आहेत, शिवणकाम जाणणाऱ्या भगिनी आहेत. निम्म्या खेळण्यांना फक्त एक सुटलेली तार पुन्हा जोडायची असते.

गेल्या मे महिन्यात कुडाळला गेलो होतो, तेव्हा सावंतवाडीहून चार भोवरे आणले. जाळीसाठी सुताची दोरी इथेच मिळाली. ज्या मुलामुलींना शिकायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी नऊ वाजता पट्टीवर यावं. सभेचा निकाल काही लागो, तोवर माती आहे.